अब्दुल करीम खत्ताबी : जिंकल्यावर थांबलेला सेनापती

विसाव्या शतकातल्या युद्धांचा विषय निघाला की आपल्या घरांत आणि कट्ट्यांवर तीच तीच नावं येतात. हिटलरने रशियात शिरायला नको होतं, चर्चिलने अमुक करायला हवं होतं, अशा गप्पा रात्र-रात्र रंगतात. या यादीत एक नाव मात्र क्वचितच येतं. ते आहे मोरोक्कोच्या रिफ डोंगरातल्या एका काजीचं, मुहम्मद बिन अब्दुल करीम अल-खत्ताबी यांचं. त्यांचे तीन निर्णय आजही अभ्यासकांना वादात ओढतात. एकदा ते जिंकत असताना थांबले, एकदा थांबायला हवं होतं तेव्हा पुढे गेले, आणि शेवटी त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. या तीन निर्णयांच्या अंगाने आम्ही त्यांचं आयुष्य इथे मांडत आहोत.

काजीचा मुलगा

रिफ म्हणजे भूमध्य समुद्राला लागून असलेली मोरोक्कोची उत्तरेकडची डोंगररांग. जमीन खडकाळ, शेती तुटपुंजी. लोक अमाझिग वंशाचे, म्हणजे ज्यांना बाहेरचे बर्बर म्हणतात ते. या भागातल्या अजदीर गावात 1882 च्या सुमारास अब्दुल करीम यांचा जन्म झाला. वालिद काजी होते. घरात शिक्षणाची कदर होती. अब्दुल करीम फेज शहरातल्या प्रसिद्ध करवियीन विद्यापीठात दीनी इल्म शिकले. धाकटा भाऊ स्पेनच्या राजधानीत, माद्रिदला, खाणकामाचं इंजिनिअरिंग शिकायला गेला. पुढे हाच भाऊ त्यांचा उजवा हात बनला.

तरुणपणी अब्दुल करीम यांनी स्पेनशी लढा दिला नाही, उलट स्पेनची नोकरी केली. रिफच्या किनाऱ्यावरचं मेलिया शहर स्पेनच्या ताब्यात होतं. तिथे ते शिक्षक होते, तिथल्या स्पॅनिश वर्तमानपत्राचा अरबी भाग सांभाळत होते, आणि नंतर काजी झाले, मुख्य काजीही झाले. स्पॅनिश लोकांची भाषा, कायदा, दरबारी चालीरीती, फौजेतली भांडणं, सगळं त्यांनी जवळून पाहिलं.

1912 मध्ये फ्रान्स आणि स्पेनने मोरोक्को आपसांत वाटून घेतला. सुलतान नावापुरता उरला. मोठा भाग फ्रान्सला गेला, उत्तरेची पट्टी स्पेनला. पहिल्या महायुद्धाच्या काळात अब्दुल करीम यांची मतं स्पॅनिश अधिकाऱ्यांना खटकू लागली आणि त्यांना कैदेत टाकलं गेलं. किल्ल्यातून निसटण्याच्या प्रयत्नात ते पडले आणि पाय मोडला. त्यानंतर ते आयुष्यभर थोडे लंगडत चालत. सुटका झाल्यावर काही काळाने ते मेलिया सोडून अजदीरला परतले. 1920 मध्ये वालिदांचा इंतकाल झाला आणि कबिल्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

अनवाल, जुलै 1921

स्पॅनिश जनरल सिल्वेस्त्रे मेलियाहून रिफच्या आत घुसत चालला होता. त्याने वाटेत लहान लहान चौक्यांची लांबलचक माळ लावली. कित्येक चौक्यांना पाण्याचीही सोय नव्हती, पाणी खेचरांवर लादून आणावं लागे. अब्दुल करीम यांनी नेमकी हीच दुखरी नस पकडली. आपल्या महाराष्ट्राला गनिमी कावा समजावून सांगायची गरज नाही. समोरासमोर न भिडता वाट अडवायची, पाणी तोडायचं, एकेक चौकी एकटी पाडायची, असं हे तंत्र होतं.

21 जुलैला इगेरिबेन चौकी पडली. दुसऱ्या दिवशी अनवालच्या छावणीतून स्पॅनिश फौज माघारी निघाली आणि माघारीची पळापळ झाली. सिल्वेस्त्रे तिथेच मेला. पुढच्या काही दिवसांत मेलियापर्यंतचा सगळा मुलूख स्पेनच्या हातून गेला. स्पेनचे 8,000 हून जास्त सैनिक मारले गेले. हजारो बंदुका आणि शेकडो तोफा-मशीनगन रिफवाल्यांच्या हाती आल्या.

या विजयाला एक काळा डागही आहे, तो लपवून चालणार नाही. माँते अर्रुइत नावाच्या ठाण्यातले सैनिक ऑगस्टमध्ये शरण आले. शस्त्रं टाकल्यावर त्यांची कत्तल झाली. अब्दुल करीम तिथे हजर नव्हते, आणि तिथल्या टोळ्या त्यांच्या पूर्ण ताब्यात नव्हत्या. तरी शरण आलेल्याला मारणं आपल्या दीनमध्ये कुठेच बसत नाही, हे काजी असलेल्या माणसाला सांगायला नको होतं. पहिल्या निर्णयाकडे पाहताना ही घटना डोक्यात ठेवावी लागते.

पहिला निर्णय : मेलियाच्या वेशीवर

जुलैच्या शेवटी मेलिया जवळजवळ उघडं पडलं होतं. शहरात फौज थोडी होती आणि लोक घाबरलेले होते. रिफचे लढवय्ये वेशीपर्यंत पोहोचले होते. पण अब्दुल करीम यांनी शहरात घुसायची परवानगी दिली नाही. थोड्याच दिवसांत समुद्रमार्गे स्पेनची नवी कुमक आली आणि संधी हातची गेली.

टीका करणारे म्हणतात की मेलिया घेतलं असतं तर स्पेनचा या भागातला पायच उखडला असता. बंदरच नसतं तर फौज उतरली कुठे असती? खुद्द अब्दुल करीम यांनीही पुढे या निर्णयाबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला.

दुसरी बाजूही भक्कम आहे. त्यांच्याकडे तेव्हा पगारी शिस्तीची फौज नव्हती. शेतकरी लढायला येत आणि लूट मिळाली किंवा पीक कापायची वेळ आली की घरी जात. मेलियात बायका-मुलं होती, इतर देशांचे नागरिक होते. बेशिस्त टोळ्या शहरात शिरल्या असत्या तर काय झालं असतं, याचं उत्तर पंधरवड्यातच माँते अर्रुइतने दिलं. शहर घेणं सोपं होतं, समुद्रावरून तोफा डागणाऱ्या जहाजांसमोर ते राखणं अवघड होतं. आम्हाला वाटतं, त्यांनी स्वतःलाच या बाबतीत जरा जास्त दोष दिला.

थांबल्यानंतर जो वेळ मिळाला, तो त्यांनी वाया घालवला नाही. रिफचं स्वतंत्र प्रजासत्ताक उभं राहिलं आणि अजदीर त्याची राजधानी झाली. नियमित फौज तयार झाली. डोंगरात टेलिफोनच्या तारा आल्या, रस्ते झाले, शरियतची न्यायालयं बसली. रिफमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चाललेली खुनाला खून ही वैरं त्यांनी बंद पाडली. युद्धकैद्यांना 1923 मध्ये सुमारे 40 लाख पेसेटा खंडणी घेऊन सोडलं. स्पेनमध्ये मात्र अनवालच्या धक्क्याने राजकारण हादरलं आणि त्याच वर्षी जनरल प्रिमो दे रिवेराने सत्ता हाती घेतली. स्पेनने रिफवर विमानांतून मस्टर्ड वायूचे विषारी बॉम्ब टाकले. त्यातून बाजार सुटले नाहीत, गावं सुटली नाहीत.

दुसरा निर्णय : फ्रान्सवर चाल

1924 च्या शेवटी स्पॅनिश फौज शफशावन शहर सोडून मागे हटली. अब्दुल करीम यांची ताकद तेव्हा शिखरावर होती. नेमक्या याच वेळी दक्षिणेकडून अडचण आली. फ्रेंचांनी वेर्गा नदीच्या पलीकडे चौक्या उभारल्या होत्या. या खोऱ्यातलं धान्य रिफच्या डोंगरात जात असे. ते अडलं तर उपासमार ठरलेली.

एप्रिल 1925 मध्ये रिफच्या फौजेने फ्रेंच चौक्यांवर हल्ला केला. पहिल्या काही आठवड्यांत डझनावारी चौक्या पडल्या आणि फेज शहराला धोका निर्माण झाला. पण या यशाची किंमत फार मोठी होती. आतापर्यंत फ्रान्स आणि स्पेन एकमेकांकडे संशयाने पाहत होते. आता ते एकत्र आले. पहिल्या महायुद्धात व्हर्दूनला नाव कमावलेला मार्शल पेताँ मोरोक्कोत धाडला गेला. 8 सप्टेंबर 1925 रोजी फ्रेंच नौदलाच्या मदतीने स्पॅनिश फौज अल-होसेमाच्या उपसागरात उतरली. महिन्याभरात राजधानी अजदीर पडली.

इथे आमचं मत टीकाकारांच्या बाजूने झुकतं. धान्याचा प्रश्न खरा होता, कबिल्यांचा दबावही खरा होता. स्वस्थ बसले असते तर स्वतःची माणसं त्यांना सोडून गेली असती, हेही मान्य. पण दोन मोठ्या शत्रूंमधली फूट हीच रिफची सगळ्यात मजबूत तटबंदी होती, आणि ती आतूनच पाडली गेली. वाटाघाटी कितीही चिकट असोत, त्या आणखी ताणायला हव्या होत्या. सलग चार वर्षं जिंकत आलेल्या माणसाला हे दिसणं कठीण असतं. अनवालनंतर जो सावधपणा होता, तो वेर्गाच्या काठावर कमी पडला.

तिसरा निर्णय : शस्त्रं खाली

1926 च्या वसंतात उजदा शहरात तहाची बोलणी झाली. ती फिसकटली आणि मे महिन्यात दोन्ही देशांनी मिळून शेवटची चढाई केली. रिफमध्ये अन्न नव्हतं, औषधं नव्हती, आजार पसरले होते, आणि वरून विमानं बॉम्ब टाकत होती. 27 मे 1926 रोजी अब्दुल करीम तारगिस्तजवळ फ्रेंचांना शरण गेले. स्पेनच्या हाती पडले असते तर अनवालचा सूड त्यांच्यावर उगवला गेला असता, म्हणून त्यांनी फ्रेंचांची निवड केली.

शेवटच्या गोळीपर्यंत लढून शहीद व्हायला हवं होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. आम्ही यांच्याशी सहमत नाही. एकट्याने शहादत पत्करणं वेगळं, आणि उपाशी गावांना सोबत ओढत नेणं वेगळं. नेत्याच्या हट्टाची किंमत त्याच्यापेक्षा त्या गावांतल्या बायका-मुलांना जास्त चुकवावी लागते. लढाई हरली आहे हे ओळखून माणसं वाचवणं हाही नेतृत्वाचाच भाग आहे.

फ्रेंचांनी त्यांना कुटुंबासह हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर पाठवलं. तिथे वीसहून जास्त वर्षं गेली. इकडे 1936 मध्ये जनरल फ्रँकोने स्पेनच्या यादवी युद्धात याच मोरोक्कोतले हजारो तरुण पगारावर भरती केले. गरिबीने पिचलेल्या रिफच्या पोरांना ज्यांच्याशी बाप लढले, त्यांच्यासाठीच लढावं लागलं.

1947 मध्ये अब्दुल करीम यांना जहाजाने फ्रान्सला नेलं जात होतं. वाटेत इजिप्तमध्ये ते उतरले आणि राजा फारूक यांनी त्यांना आसरा दिला. कैरोत बसून त्यांनी मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियाच्या स्वातंत्र्याची चळवळ एकत्र आणायची खटपट केली. 1956 मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला, तरी ते परतले नाहीत. उत्तर आफ्रिकेच्या भूमीवर परक्या फौजा आहेत तोवर घरी जाणार नाही, ही त्यांची अट होती. 6 फेब्रुवारी 1963 रोजी कैरोतच त्यांचा इंतकाल झाला. नासेर सरकारने शासकीय इतमामात त्यांचा दफनविधी केला.

आपली मुलं जेव्हा इतिहासातल्या लढायांवर वाद घालतात, तेव्हा कोण शूर होता यावरच सगळा जोर असतो. अब्दुल करीम यांच्या शौर्यावर त्यांच्या दुश्मनांनीही शंका घेतली नाही. त्यांच्याबद्दल वाद घालायचा तर तो या तीन तारखांवर घालावा : जुलै 1921, एप्रिल 1925 आणि मे 1926. प्रत्येक वेळी त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, आणि त्याची किंमत कोणत्या घरांनी मोजली असती, हे दोन्ही प्रश्न मुलांना विचारून पाहा.