विश्लेषण : आनंदीबाई जोशींचे अमेरिकेतले पहिले दिवस कसे होते?

अमेरिकेत शिकायला निघालेल्यांची ऑगस्टमधली धावपळ आपल्यापैकी अनेकांनी घरात किंवा शेजारी पाहिली आहे. व्हिसा, विमा, थर्मल कपडे, मेतकूट-लोणच्याची पाकिटं आणि आधीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या आनंदीबाई जोशी तेव्हा १८ वर्षांच्या होत्या आणि त्यांना वाट दाखवायला आधीची बॅचच नव्हती. त्या डॉक्टर झाल्या हे आपण शाळेपासून ऐकतो. तिथले पहिले महिने कसे गेले आणि त्याची किंमत काय होती, हे मात्र कमी सांगितलं जातं.

अमेरिकेत त्यांची ओळख कोणाशी होती?

फक्त एका बाईंशी, तीही पत्रातून. कल्याणच्या यमुना जोशींचं लग्न नवव्या वर्षी टपाल खात्यातले कर्मचारी गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यक शिकण्याचा विचार त्यानंतर पक्का होत गेला.

गोपाळरावांनी मदतीसाठी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. वाइल्डर यांनी धर्मांतर सुचवलं आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे थांबलेल्या असताना तो वाचला आणि थेट आनंदीबाईंना पत्र पाठवलं. काही वर्षांच्या पत्रांतून कार्पेंटरबाई त्यांच्या ‘मावशी’ झाल्या.

प्रवास आणि प्रवेश कसा झाला?

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कोलकात्याहून जहाजात बसल्या. गोपाळराव सोबत नव्हते. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटर मावशी घ्यायला आल्या होत्या. उन्हाळा रोझेलच्या घरात गेला.

त्याच महिन्यात आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज केला. १८५० मध्ये स्थापन झालेलं हे कॉलेज फक्त महिलांसाठी होतं. आनंदीबाईंकडे शाळेची रीतसर प्रमाणपत्रं नव्हती. पुरुष डॉक्टरकडे जायला संकोचणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांवर उपचार करण्यासाठी शिकायचं आहे, हा हेतू त्यांनी अर्जात मांडला. कॉलेजने प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही.

शहरात गेल्यावर पहिली अडचण कोणती आली?

राहण्याची. १८८०च्या जनगणनेत फिलाडेल्फियाची लोकसंख्या सुमारे ८ लाख ४७ हजार होती. न्यूयॉर्कनंतर अमेरिकेतलं हे दुसरं मोठं शहर. शरद ऋतूत कॉलेज सुरू झालं आणि पाठोपाठ थंडी आली. जानेवारीत तिथे रात्रीचा पारा शून्याखाली जातो.

आनंदीबाईंच्या खोलीतली शेगडी धड नव्हती. विस्तवाचा धूर वर जायला धुराड्यात हवेचा ओढ लागतो. तो नसेल तर धूर खोलीतच कोंडतो. म्हणजे विस्तव पेटवला की धूर आणि विझवला की गारठा, अशी निवड रोज करावी लागायची. शाकाहारी जेवणाची सोय नसल्याने स्वयंपाकही स्वतःलाच करावा लागे. लेक्चर, डिसेक्शन आणि रात्रीचा अभ्यास यांत तो मागे पडायचा. पुढे कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी त्यांच्या राहण्याकडे जातीने लक्ष घातलं. बॉडली स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या.

साडीचा प्रश्न इतका मोठा का झाला?

कारण तो आनंदीबाईंचा एकटीचा राहिला नव्हता. निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात (कोलकात्याजवळचं श्रीरामपूर) त्यांनी भाषण केलं होतं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द त्यांनी सर्वांसमोर दिला होता. परदेशी गेलेली बाई बाटते, असं म्हणणारे इकडे कमी नव्हते. त्यांच्या हातून एक गोष्ट जरी सुटली असती, तरी पुढच्या मुलीला घरातून नकार द्यायला तेवढं कारण पुरलं असतं.

पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. त्या थंडीत ते शक्य नव्हतं. आनंदीबाईंनी मधला मार्ग काढला आणि पायघोळ, गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. गोपाळरावांना त्यांनी तसं कळवलं, तेव्हा पत्रातून नाराजीच आली. ज्याने शिकायला पाठवलं, त्याचीच बोलणी सातासमुद्रापार ऐकावी लागत होती. एका पत्राला उत्तर यायला कित्येक आठवडे लागायचे. तोवर मनात ते घेऊनच वर्गात बसायचं.

शिक्षण आणि इंटर्नशिप पूर्ण झाली का?

शिक्षण झालं. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आदल्या वर्षी अमेरिकेत पोहोचलेले गोपाळराव समारंभाला होते. पंडिता रमाबाईही इंग्लंडहून आल्या होत्या. त्यानंतर प्रत्यक्ष अनुभवासाठी आनंदीबाई बोस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलमध्ये इंटर्न म्हणून गेल्या. पण तोवर तब्येत फार ढासळली होती आणि ते काम त्यांना पुढे नेता आलं नाही.

थंडी आणि धुरानेच त्यांचा बळी घेतला का?

इतकं सरळ उत्तर देता येत नाही. डोकेदुखी, ताप, धाप हे त्रास भारतात असतानाच सुरू झाले होते. आजार क्षयाचा होता. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या वर्षभर आधी शोधला. त्यावरचं पहिलं प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडायला मात्र १९४३ उजाडलं. तोवर डॉक्टरांच्या हातात विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा एवढंच होतं. फिलाडेल्फियातल्या त्या पहिल्या हिवाळ्यात नेमक्या याच तीन गोष्टी त्यांना मिळत नव्हत्या.

पुढे काय झालं?

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, महिला विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या, पण त्या वॉर्डात कधीच रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावात, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ज्या बाई त्यांना घ्यायला आल्या होत्या, त्यांनीच शेवटी त्यांच्यासाठी जागा करून ठेवली.