होमी भाभांनी मुंबईत ‘असेंबल’ करून घेतलेला कॉम्प्युटर किती फास्ट होता?

देहूरोडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात घरच्या घरी पीसी असेंबल करणारी पोरं काही कमी नाहीत. मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्या दुकानातून, ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड. सगळं जोडून झालं, विंडोज नाहीतर लिनक्स टाकलं की पहिलं काम एकच, बेंचमार्क. सिनेबेंच किंवा गीकबेंच चालवायचं आणि आलेला आकडा ब्रँडेड मशीनच्या आकड्याशेजारी ठेवायचा. घरी जोडलेलं मशीन विकतच्या मशीनला टक्कर देतंय का, एवढंच बघायचं असतं.

हाच प्रश्न साठेक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका माणसासमोर उभा होता. फक्त त्याचं मशीन १८ फूट लांब होतं आणि त्याच्याशेजारी जगातले भारीतले भारी कॉम्प्युटर उभे होते. त्या माणसाचं नाव डॉ. होमी भाभा.

भाभा म्हटलं की आपल्याला अणुभट्टी आठवते. कॉम्प्युटर सहसा आठवत नाही.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत झाला. घर श्रीमंत पारशी, वडील जहांगीर वकील. आत्या मेहरबाई टाटा घराण्यात दिलेल्या, सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे पोराचा रस्ता घरच्यांनी आधीच आखून ठेवला होता. केंब्रिजला जायचं, मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं, परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं.

१९२७ मध्ये भाभा केंब्रिजला गेले आणि तिथे त्यांना फिजिक्सचं वेड लागलं. वडिलांना इंजिनिअरिंग नको असल्याचं कळवलं. वडीलही व्यवहारी निघाले. आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास मिळव, मग पुढच्या शिक्षणाचे पैसे देतो, अशी अट त्यांनी घातली. १९३० मध्ये भाभांनी फर्स्ट क्लास मिळवला आणि अट संपली. पण इंजिनिअरिंगची ती वर्षं वाया गेली असं म्हणता येत नाही. कागदावरचं समीकरण आणि हातात पकड घेऊन बनवायचं यंत्र या दोन्ही गोष्टी कळणारा शास्त्रज्ञ दुर्मीळ असतो, आणि पुढे त्यांना नेमकं तेच उपयोगी पडलं.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी कॉस्मिक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. अवकाशातून आलेला एक कण हवेतल्या अणूवर आदळतो, त्यातून आणखी कण निघतात, त्या कणांपासून आणखी, असा तो धबधबा. सिद्धांत सुंदर, पण त्यातून प्रत्यक्ष आकडे काढायचे म्हणजे हात मोडायची वेळ. पुढे एस. के. चक्रवर्ती यांच्याबरोबर भाभांनी याच विषयावर काम केलं तेव्हा कॉम्प्युटर नावाची सोय भारतात नव्हतीच. कागद, पेन आणि टेबलावरचं हाताने चालवायचं कॅल्क्युलेटर, एवढाच संसार.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीला भारतात आले, तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि परतीचा रस्ता बंद झाला. मग बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केलं. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढायला मदत मागितली. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सव्वा वर्षाहून जास्त अवकाश होता, तरी या माणसाला अणुवीज दिसत होती आणि तेव्हा लागणारे तज्ज्ञ देशातच तयार असावेत ही मागणी त्या पत्रात होती.

१९४५ मध्ये बंगळुरूला टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ या बंगल्यात आली. भाभांचा जन्म याच घरातला! पुढे संस्था गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये गेली आणि तिथून कुलाब्याला. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, अध्यक्ष अर्थातच भाभा.

आता मुद्द्यावर येऊ. अणुभट्टीची आकडेमोड हाताने करायची तर वर्षं जातात. कॉम्प्युटर हवा हे उघड होतं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने पन्नाशीच्या दशकात ब्रिटनमधून एचईसी-२एम हे मशीन विकत आणलं. भाभांनाही तो मार्ग मोकळा होता. पण त्यांच्या संस्थेत पहिल्यापासून एक खोड होती, उपकरण जमेल तितकं स्वतः बनवायचं. ए. एस. राव यांच्या टीमने इलेक्ट्रॉनिक उपकरणं घरातच बनवायला घेतली होती. १९५६ मध्ये तुर्भ्याला सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा त्यांनीच उभी केली. इंधन ब्रिटनचं, बाकी काम इथलं.

म्हणून १९५४ मध्ये कॉम्प्युटरही बनवायचाच ठरला. रंगस्वामी नरसिंहन हा २८ वर्षांचा तरुण अमेरिकेतून गणितात पीएचडी करून नुकताच टीआयएफआरमध्ये आला होता. त्याच्या हाताखाली मोजकी माणसं, आणि त्यातल्या बहुतेकांनी कॉम्प्युटर वापरलेलाही नव्हता. यूट्यूब सोडाच, बिघाड झाला तर विचारायला या शहरात दुसरं कोणी नव्हतं.

या टीमने आधी छोटं प्रायोगिक मशीन केलं. ते १९५६ मध्ये चालू झालं. मग मोठ्या मशीनला हात घातला. १९५९ मध्ये जोडणी संपली, १९६० मध्ये ते कामाला लागलं. आत २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला पंडित नेहरू आले, तेव्हा या मशीनला ‘टिफरॅक’ हे नाव मिळालं.

आता बेंचमार्क काढू. तेव्हा सिनेबेंचसारखा तयार प्रोग्रॅम नव्हता. मशीनची मेमरी किती, मेमरीतून एक आकडा काढायला वेळ किती, आणि खरं काम किती उरकतं, यावरून तुलना व्हायची.

टिफरॅकची मेमरी होती ४० बिटांचे २,०४८ शब्द. आजच्या हिशेबात जेमतेम १० केबी. व्हॉट्सॲपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोही यात मावणार नाही. पण तुलना बरोबरीच्याशी करायला हवी. प्रिन्स्टनमध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी बनवलेलं प्रसिद्ध मशीन १९५२ च्या सुमारास पूर्ण झालं, त्यात ४० बिटांचे १,०२४ शब्द होते. म्हणजे टिफरॅककडे त्याच्या दुप्पट मेमरी होती, आणि तीही जास्त भरवशाची, फेराइटच्या बारीक चुंबकी कड्यांची. पहिल्यांदाच कॉम्प्युटर बनवणाऱ्या टीमसाठी हा स्कोअर झकासच म्हणायचा.

अडचण तारखेची होती. फॉन नॉयमनचं मशीन १९५२ चं, टिफरॅक १९६० चा. मधल्या आठ वर्षांत जग व्हॅक्यूम ट्यूब सोडून ट्रान्झिस्टरवर गेलं होतं. १९५९ च्या अखेरीस आयबीएमचा ७०९० बाहेर आला, त्यात ३६ बिटांचे ३२ हजारांवर शब्द. आपलं मशीन चालू झालं त्या दिवशीच एक पिढी मागे पडलेलं होतं. नवा पीसी जोडून होईपर्यंत प्रोसेसरची पुढची जनरेशन यावी, तसंच झालं हे.

तरीही खऱ्या कामाच्या कसोटीवर टिफरॅक पास झाला. शास्त्रज्ञ कागदी पट्टीवर भोकं पाडून प्रोग्रॅम आणायचे, उत्तर टेलिप्रिंटरवर छापून निघायचं. दशांश चिन्ह कुठे सरकलं याचा हिशेब प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच ठेवायचा, कारण मशीनच्या हार्डवेअरमध्ये ती सोय नव्हती. कटकट होती, पण त्यातूनच देशातली प्रोग्रॅमरांची पहिली फळी शिकली.

भाभांचं मोठेपण इथे दिसतं. टिफरॅक लहान पडतोय हे कळल्यावर त्यांनी आपल्याच मशीनचा हट्ट धरला नाही. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेचा सीडीसी ३६०० आला. ४८ बिटांचे ३२,७६८ शब्द, म्हणजे टिफरॅकच्या १९ पटींहून जास्त मेमरी. दशांशाचा हिशेब हार्डवेअरच करणार आणि प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये लिहिता येणार. या दोघांचा बेंचमार्क काढण्यात अर्थच नव्हता. १९६५ पर्यंत टिफरॅक बंद झाला. तोवर नरसिंहनही अमेरिकेतली आणखी तीन वर्षं संपवून परतले होते.

बाहेरून विकत घेण्याला मर्यादा आहे, हेही भाभांना माहीत होतं. १९६२ च्या चीन युद्धाने देशाकडे इलेक्ट्रॉनिक्स किती कमी आहे ते दाखवून दिलं होतं. १९६३ मध्ये सरकारने इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली, अध्यक्ष भाभा. देशाला पुढच्या काळात कोणती उपकरणं लागतील, त्यातली इथे कोणती बनवता येतील, याचा आराखडा करायचं काम ही समिती करत होती.

अहवाल बाहेर आलेला भाभांना पाहता आला नाही. २४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाला निघालेले असताना एअर इंडियाचं ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ आल्प्समधल्या माँ ब्लाँवर कोसळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते.

समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी उभी राहिली, आणि तिचे पहिले प्रमुख झाले अप्सराची नियंत्रण यंत्रणा बनवणारे ए. एस. राव. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, तिथून ट्रान्झिस्टरवर चालणारा कॉम्प्युटर बाहेर पडला. नाव, टीडीसी-१२.