कन्हानच्या पुलावरून गेलेला कवी आणि नाव लपवून लिहिलेली पत्रं

कन्हान : कामठी सोडली की रेल्वे नदीचा पूल ओलांडून कन्हानला येते आणि पुढे भंडारा, गोंदिया करत राजनांदगावकडे जाते. १८९३ साली याच वाटेवरच्या एका डब्यात मराठीतले मोठे कवी नारायण वामन टिळक बसले होते. लोकमान्य टिळक वेगळे, हे वेगळे बरं का!

जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. आई लवकर गेली, घर सुटलं, नाशिकात संस्कृत शिकले. पोटापाण्यासाठी गावोगाव फिरत नागपूरला आले. इथे अप्पासाहेब बुटींचा आश्रय मिळाला आणि 'ऋषी' नावाचं मासिक चालवायला घेतलं. विषय हिंदू धर्माचा. म्हणजे छापलेल्या कागदावर वाद कसा घालायचा, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरुण केशवसुतांशी त्यांची ओळखही नागपूरचीच.

त्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा रंगल्या. उतरताना त्याने बायबल हातात ठेवलं. टिळकांनी ते वाचलं, डोंगरावरचं प्रवचन मनात बसलं, पण शंकाही खूप होत्या. त्या विचारायच्या कुणाला? त्या काळी ब्राह्मणाने उघडपणे असं काही विचारलं, तर जातीबाहेर पडायची वेळ यायची. घर, नातेवाईक, पंगत, सगळंच तुटायचं.

मग त्यांनी वर्तमानपत्राचा रस्ता धरला. मिशनच्या एका पत्राकडे नाव न सांगता प्रश्न पाठवायचे आणि उत्तराची वाट पाहायची. आजच्या भाषेत फेक आयडीच म्हणा, फक्त शिवीगाळीसाठी नव्हे, समजून घेण्यासाठी. हे बराच काळ चाललं. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्याला खटकते ती गोष्ट पुढे आहे. पत्नी लक्ष्मीबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. अनोळखी संपादकाला जे विचारता आलं, ते घरच्या माणसाला सांगता आलं नाही. बाई कोलमडल्या. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या नगरला त्यांच्याकडे गेल्या आणि १९०० साली स्वतः विचार करून त्यांनीही धर्म बदलला.

टिळकांचं वर्तमानपत्र काही सुटलं नाही. अमेरिकन मिशनने १८४२ साली नगरला सुरू केलेल्या 'ज्ञानोदय'चा मराठी भाग १९१२ पासून त्यांच्याकडे आला. आता इतरांच्या शंकांना उत्तरं देणं त्यांचं काम झालं. ९ मे १९१९ ला मुंबईत ते वारले, तोवर ते हे काम करत होते. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं मोठं काव्य मात्र अर्धवट राहिलं.

ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी नवरा-बायकोमधलं सारं, ही लपवाछपवीसुद्धा, 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं. त्याचा पहिला भाग १९३४ ला आला. पुस्तक आजही मिळतं.