दोराबजी टाटा : दानाची दोन क्षेत्रे

जमशेटजी टाटा यांचे थोरले चिरंजीव दोराबजी (१८५९–१९३२) चरित्रग्रंथांतून बहुधा पित्याचे संकल्प तडीस नेणारे पुत्र एवढ्याच रूपाने भेटतात. जमशेदपूरचा पोलाद कारखाना आणि बंगलोरची विज्ञानसंस्था त्यांच्याच कारकीर्दीत उभ्या राहिल्या, हे खरेच. तथापि त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षात एक असे कार्य घडले, की ज्याचा वारसा सर्वस्वी त्यांचा स्वतःचा होय.

या कार्याचे एक मूळ म्हैसुरात आहे. संस्थानाच्या शिक्षणखात्याचे प्रमुख होरमसजी भाभा यांच्या कन्या मेहेरबाई यांच्याशी १८९८ साली दोराबजींचा विवाह झाला. त्यांना अपत्य नव्हते. पत्नीसाठी घेतलेला २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा त्यांच्या वैभवाची खूण मानला जाई. पण १९२४ साली पोलाद कंपनी बुडण्याच्या बेतात आली, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता, त्या हिऱ्यासह, गहाण टाकली. संपत्ती ही सांभाळण्याची नव्हे, कार्यास लावण्याची वस्तू आहे, ही वृत्ती अशी आधीच प्रकट झाली होती.

१९३१ साली ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाने मेहेरबाई इंग्लंडकडील वास्तव्यात निवर्तल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी आपले सारे द्रव्य एका न्यासाच्या स्वाधीन केले आणि पत्नीच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी स्वतंत्र निधी स्थापिला. जून १९३२ मध्ये जर्मनीत त्यांचे देहावसान झाले.

या स्मारकनिधीची वाटणी विचार करण्याजोगी आहे. उत्पन्नाचे चार पंचमांश जगभरातील ल्युकेमिया-संशोधनास आणि एक पंचमांश भारतातील संशोधनास. धर्मशाळा, पाणपोई, दवाखाना यांचे पुण्य दात्याला डोळ्यांनी दिसते. संशोधनास दिलेल्या पैशाचे फळ केव्हा, कोठे आणि कोणाच्या हातून मिळेल, हे कोणासच सांगता येत नाही. वसाहतीच्या काळातील एका भारतीयाने परदेशी प्रयोगशाळांना धन द्यावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु रोगाला देशाची सीमा नसते, हे यामागील तत्त्व उघड आहे.

मात्र रोगाच्या कारणांना भूमी असते. दोराबजींच्या मुख्य न्यासाने १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचा विभाग उभारला. तंबाखू खाणे, धोतर घट्ट नेसणे अशा येथील लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली मांडला. हे काम लंडन-पॅरिसात होणे शक्य नव्हते. दूरचे ज्ञान आणि जवळचे निरीक्षण या दोहोंना पैसा लागतो, व पहिला पैसा बहुधा शासनाचा नसतो, हे या इतिहासातून ध्यानात येते.

शासन मागाहून आले. १९५७ मध्ये रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. त्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. खासगी शोकातून निघालेले दान राष्ट्राच्या स्वाधीन झाले, तेव्हा ते स्वीकारणारा हात त्याच म्हैसूरकर भाभांच्या घराण्यातला होता.