ठिपक्यांचे शास्त्रज्ञ लुईस

माझी ताई हायस्कूलात शिकते. तिच्या विज्ञानाच्या वहीत इंग्रजी अक्षरांभोवती ठिपके होते. मला वाटलं ताई वहीत रांगोळी काढते. ताई लई हसली. ते ठिपके म्हणजे अणूतले इलेक्ट्रॉन. ते असे काढायला ज्यांनी शिकवले, त्या थोर शास्त्रज्ञांची माहिती गुरुजींनी मला सांगितली. ती मी लिहीत आहे.

त्यांचे नाव गिल्बर्ट न्यूटन लुईस. त्यांचा जन्म १८७५ साली अमेरिकेत झाला. त्यांचे वडील वकील होते. लहानपणी लुईस शाळेत न जाता घरीच आईवडिलांपाशी शिकले. (आपल्याकडे असं चालत नाही. गुरुजी घरी बोलवायला येतात.) पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात शिकले आणि तिथेच शिकवू लागले.

अणूत इलेक्ट्रॉन असतात हे १८९७ साली कळले होते. पण दोन अणू एकमेकांना धरून कसे राहतात, हे कोडे होते. १९०२ साली लुईस यांनी वर्गातल्या मुलांना समजावे म्हणून चौकोनी खोक्याचे चित्र काढले आणि कोपऱ्याकोपऱ्यावर एकेक इलेक्ट्रॉन ठेवला. खडूच्या खोक्याचे कोपरे मोजा, आठच भरतात. मी दोनदा मोजले. बाहेर आठ इलेक्ट्रॉन झाले की बहुतेक अणू निवांत होतात. पण हे चित्र त्यांनी तेव्हा छापलेच नाही. चौदा वर्षे ते तसेच राहिले!

१९१६ साली ते कॅलिफोर्नियात बर्कले येथे होते. तेव्हा त्यांनी लेख छापला. दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन मधे ठेवतात आणि ती जोडी दोघांचीही होते, असे त्यात होते. हे मला पटकन कळलं. आमची आणि चुलत्यांची बांधावर एकच विहीर आहे. खर्च निम्मा निम्मा केला, पण पाणी दोघांचं. भांडण झालं तरी विहिरीमुळे दोन्ही घरं सुटत नाहीत.

आता पाण्याचे बघा. ऑक्सिजनच्या बाहेर सहा इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे दोन कमी. हायड्रोजनकडे एकच असतो, त्याला दोन झाले की पुरे. म्हणून दोन हायड्रोजन येतात आणि ऑक्सिजनबरोबर एकेक जोडी लावतात. झालं पाणी! याला सहसंयुज बंध म्हणतात.

लँगम्युअर नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी ही कल्पना भाषणे देऊन सगळीकडे नेली. बंधाला नाव १९१९ साली त्यांनीच दिले. मग लोक त्यांचेच नाव घेऊ लागले. लुईस यांना ते फार लागले. लँगम्युअर यांना १९३२ साली दुसऱ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. लुईस यांचे विद्यार्थी युरी यांना १९३४ साली मिळाले. लुईस यांचे नाव पुष्कळदा सुचवले गेले, पण त्यांना मिळालेच नाही. मला याचा राग आला. मी ताईला तसं सांगितलं, तर ती म्हणाली की वहीत मात्र लुईस यांचंच नाव आहे.

२३ मार्च १९४६ रोजी प्रयोगशाळेतच त्यांचे निधन झाले. त्या दिवशीही ते प्रयोग करत होते.

शेजारी मी पाण्याचे चित्र काढले आहे. मधे ऑक्सिजन आहे. त्याच्याभोवतीचे ठिपके आईबाबांनीही मोजावेत. आठ भरले नाहीत, तर एखादा पुसला गेला असेल, मला सांगा.