कल्याणकन्या डॉ. आनंदीबाई जोशी

आपल्या ज्ञातीची अनेक कुटुंबे आज ज्या कल्याण नगरीत नांदत आहेत, तेथीलच जोशी घराण्याची कन्या म्हणजे डॉ. आनंदीबाई. जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव हट्टी व विक्षिप्त खरे. परंतु पत्नीस विद्यासंपन्न करण्याचा त्यांचा निश्चय अढळ होता.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस पुत्र झाला. ते बाळ अवघे दहा दिवस जगले. योग्य वैद्यकीय साह्य लाभले असते तर ते वाचते, ही खंत त्या बालमातेच्या अंतःकरणात कायमची राहिली.

पुढे त्या वैद्यकाच्या अभ्यासासाठी अमेरिकेस जाणार हे कळताच सनातन्यांनी टीकेची झोड उठविली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी जाहीर उत्तर दिले. आपल्या स्त्रिया लज्जेमुळे पुरुष वैद्यांपुढे दुखणे उघड करीत नाहीत, यास्तव हिंदू स्त्रीवैद्य हवेत, हा त्यांचा मुद्दा होता. एप्रिलमध्ये पतीवाचून त्या बोटीत चढल्या. स्वधर्म व स्वदेशी वेष न सोडता फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी संपादन केली. प्रबंधाचा विषयही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच निवडला होता.

कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रीविभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. परंतु क्षयाने ग्रासलेले शरीर घेऊनच त्या स्वदेशी परतल्या व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या. वय बावीसही पुरे नव्हते. एकाही स्वदेशी रुग्ण स्त्रीची सेवा त्या जागेवरून घडली नाही.

तथापि त्यांचा विचार निष्फळ ठरला नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांस चार आठवड्यांचे शिक्षण देण्यात आले. त्यांनी सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून निम्म्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. महागडी यंत्रे नव्हती. स्त्रीने स्त्रीस विश्वासाने तपासले, एवढेच.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवली येथून परळला आगगाडीने तासा-दीड तासात पोहोचता येते. स्त्रीवैद्यही घराजवळ आहेत. तरीही स्तनातील गाठ वा अवेळी होणारा रक्तस्राव सांगण्यास आमच्या भगिनी संकोचतात, आणि दुखणे बळावल्यावर धावाधाव होते. आनंदीबाईंच्या तसबिरीस हार घालणारा आपला समाज, त्या निघाल्या तेव्हा टीका करणाऱ्यांतही होता. त्या ऋणातून अंशतः तरी मुक्त व्हावयाचे, तर प्रत्येक गृहस्थाने घरच्या माता-भगिनींस वेळीच तपासणीस न्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.