ब्लॉकेजचं गणित मांडणारा डॉक्टर : आजचे कॉम्प्युटरही त्याच्या नियमावर तपासले जातात

सरळ नळीचा व्यास निम्मा केला आणि दाब तेवढाच ठेवला, तर त्यातून किती पाणी जाईल? निम्मं? नाही. फक्त सोळावा हिस्सा.

हे शोधून काढलं झाँ लेओनार मारी प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने.

जन्म २२ एप्रिल १७९७, पॅरिस. वडील सुतार. पोरगा हुशार निघाला आणि १८१५ साली थेट इकोल पॉलिटेक्निकमध्ये पोचला. पण पुढच्याच वर्षी राजकीय कारणावरून सरकारने ती संस्था बंद केली, विद्यार्थ्यांना घरी पाठवलं. प्वाझय मग डॉक्टरकीकडे वळला. डोक्यातलं भौतिकशास्त्र मात्र गेलं नाही.

त्याच्या आधी रक्तदाब मोजायला उंचच उंच काचेची नळी लागायची. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून प्वाझयने इंग्रजी यू आकाराच्या नळीत पारा भरला. उपकरण एकदम आटोपशीर झालं. १८२८ च्या प्रबंधात त्याने ते वापरलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की मोठ्या धमनीपासून दोन मिलिमीटरच्या धमनीपर्यंत दाब फारसा उतरतच नाही. म्हणजे खरा अडथळा त्याहून बारीक वाहिन्यांत असणार.

मग त्याने काचेच्या अतिबारीक नळ्या घेतल्या. काहींचा आतला व्यास ०.०१५ मिलिमीटर, म्हणजे केसाहूनही कमी. रक्त बाहेर काढलं की गोठतं, म्हणून त्याने शुद्ध पाणी वापरलं. दाब, लांबी, व्यास, तापमान एकेक बदलत मोजमापं घेतली. १८४० च्या सुमारास निष्कर्ष छापून आले: प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. जर्मन इंजिनिअर हागेन १८३९ मध्ये स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता, म्हणून नियमाला दोघांचं नाव आहे.

पण धमनी म्हणजे काचेची नळी नव्हे. ती वळते, फाटे फुटतात, भिंत ताणली जाते, रक्त ठोक्याठोक्याने धावतं. ब्लॉकेज तर थोड्याच लांबीचा असतो, आणि त्याच्या पुढे भोवरे उठतात. तिथे एकट्या सूत्राने भागत नाही. म्हणून आज सीटी स्कॅनवरून धमनीचं थ्रीडी मॉडेल बनवतात, त्याचे लाखो बारीक तुकडे करतात आणि कॉम्प्युटर प्रत्येक तुकड्यातला वेग आणि दाब काढतो. अँजिओग्राफीत सारखेच दिसणारे दोन ब्लॉकेज रक्त सारखंच अडवतात का, याचा अंदाज त्यातून येतो. स्टेंट टाकायचा की औषधांवर भागेल, हे ठरवायला त्याची मदत होते.

आणि असा प्रोग्राम बरोबर चालतोय का, हे बघायची पहिली परीक्षा कोणती? सरळ नळी. उत्तर प्वाझयच्या नियमाशी जुळलं पाहिजे.

उतारवयात तो पॅरिसमध्ये शाळा तपासनीस होता. २६ डिसेंबर १८६९ ला तो गेला. द्रवाचा चिकटपणा मोजायचं ‘पॉइज’ हे एकक त्याच्याच नावावरून आलंय.